चावी सांगलीला, गाडी पाचगणीला

पाचगणी, जि. सातारा
ता. १४ नोव्हेंबर १९४६

इमाम मिस्त्री यास नाथाजीचा रामराम.

तू वाठार स्टेशनला गेलास तवापास्नं मी गाडीपाशीच हाय. विलायतेला निघालेल्या मेजरसाहेबाच्या बंगल्यातनं ती ढकलत ढकलत आमच्या परड्यात आणली. आमचा बैलवाला जोतिबा आन शेजारचे चार गडी लागलं. एवढीशी दोन माणसांची गाडी, पण चढाला जीव घेतला तिनं. बटाट्याचं बियाणं ठिवायची खोली मोकळी केली, आत घातली. चारी चाकं उचलून खाली विटा दिल्या आन वरनं मिलिटरीची ताडपत्री टाकली. आता बोनेटवरचा चामड्याचा पट्टा तेवढा फटीतनं दिसतोय.

राही दोन दिवस भांडी आपटत हुती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाच वर्सं गाड्याच हाकल्या, आन लढाईचा सगळा पैसा घालून आणली ती बी गाडीच! त्यापरीस म्हस घ्यायची हुती." मी म्हटलं, निम्मा पैसा इमामचा हाय, म्हस घेतली असती तर तिचं तू काय काय वाटून घेणार हुतीस? तवा उठून चुलीकडं गेली.

आता कामाचं. तासगावचे हंबीरराव आलं हुतं. राजेलोकांना घोडी आन मोटारी मिळवून देणारा माणूस. त्यांनी ताडपत्री उचलून बघितलं आन खालीच बसलं. म्हणाले, "नाथाजी, ही शर्यतीची जात. साहेबलोक निघाले, आता अशी गाडी फुडं येणार न्हाई. धा वर्सं हलवू नगा, एकेक राजा दारात उभा ऱ्हाईल." पण मैलाचा काटा फिरता कामा नये. जितका काटा फिरंल तितकी किंमत उतरंल. सोनं जसं डब्यात ठिवायचं तसं ठिवा, म्हणाले.

मला पटलं. चावी तुझ्याकडं हाय ते बी बरंच झालं. गाडी माझ्याकडं, चावी तुझ्याकडं. एकट्याला हौस आली तरी काय करता येणार न्हाई.

थकलोय गड्या. घरी येऊन सहा महिनं झालं, अजून निजून उठल्यागत वाटत न्हाई. अख्तरबींना आन जरिनाला विचारलं म्हणून सांग.

तुझा, नाथाजी


सांगली
ता. २ डिसेंबर १९४६

नाथाजी यास इमामचा सलाम. राहीवहिनींना बी.

तुझं पत्र वाचून हसावं का रडावं कळंना. अरे भाई, आपण गाडी घेतली का पिरावर चढवायला चादर घेतली? ताडपत्री काय, विटा काय! इंजिन निजवून ठिवलं की आखडतंय. मुक्कामाला चार दिवस उभ्या केलेल्या गाड्या सकाळी कशा खोकत हुत्या ते इसरलास काय रं?

तुझ्या हंबीररावाला म्हणावं, मैलाचा काटा फिरायसाठीच असतोय. न फिरणारा काटा घड्याळात असला तर आपण ते घड्याळ मोडीत घालतो. आन धा वर्सांनी राजे येतील का न येतील ते राजांनाच ठावं. आपण दोघं असू का नसू, ते कुणाला इचारायचं?

माझी हौस तुला ठावं हाय, तरी एकदा कागदावर लिवतो. पाच वर्सं मी गाड्यांची पोटंच बघितली. तू वर बसून वाळवंट बघितलंस, समुद्र बघितलास, इटलीतली द्राक्षं बघितलीस. मी उताणा पडून तेल कुटनं गळतंय ते बघत हुतो. बॅटरीचं तेजाब उडून डावा डोळा गेला तो बी उताणा असतानाच. मला एकदा वर बसायचं हाय. पाचगणीचं पठार हाय न्हवं, सपाट, आडवं यायला ना झाड ना माणूस. तितं मी चालवतोय आन तू शेजारी बसलायस, आन फुडं सगळं मोकळं. एवढं एकदा झालं की मग तिला डब्यात ठिव न्हाईतर डबा तिच्यात ठिव.

मे महिन्यात चावी घेऊन येतो. पेट्रोलची कुपनं मिळायची मारामार हाय, पण एकेक करून साठवतोय. तवर एवढं कर. दर सोमवारी हँडल मारून इंजिन वीस फेरे फिरव. तेल मेजरसाहेबानं घातलंय तेच ऱ्हाऊ दे. तेलात हात घालू नगंस.

उजव्या डोळ्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणतोय डॉक्टर. वय झालं, दुसरं काय.

इमाम


पाचगणी
ता. २० जून १९४७

इमामास नाथाजीचा रामराम.

मे महिन्यात येऊ नगंस म्हणून तार केली, त्याचा राग मानू नगं. राही आजारी हुती. घरात पाहुणा जेवायला घालायची सोय नव्हती. आता ती बरी हाय.

हितला पावसाळा तू बघितला न्हाईस. धुकं दारातनं आत येऊन बसतंय. पेटीतल्या धोतराला बुरशी, मीठ पाणी होऊन वाहातंय. गाडीच्या शिटावर पांढरी लव धरली तवा ताडपत्री काढून मी सगळी गाडी पुसून काढली. लोखंडाला गंज धरला तर हंबीरराव दारात उभं करायचे न्हाईत. मग मीच इलाज केला. जुनं काळं तेल खालनं सोडून दिलं. आपल्या घरच्या एरंड्या घाण्यावरनं गाळून आणल्या आन ते एरंडेल इंजिनात भरलं, प्लगच्या भोकांतनं बी वतलं. आमच्या आज्याची तलवार हाय, तिला खंडेनवमीला एरंडेल चोपडून ठिवतो. साठ वर्सं झाली, गंजाचा ठिपका न्हाई. आन मेजरसाहेबाचा माळी बी म्हणाला, साहेब शर्यतीच्या दिवशी गाडीत एरंडेलच घालायचा, सगळ्या बागेत वास सुटायचा. म्हंजी मी काय वावगं केलं न्हाई.

तू तेलात हात घालू नगं म्हणाला हुतास. पण तू सांगलीच्या कोरड्या हवेत बसून लिवलंस, मी हितं भिजतोय. काय चुकलं असंल तर उलट टपालानं कळव.

हँडल दर सोमवारी मारतोय.

नाथाजी


सांगली
ता. ३ सप्टेंबर १९४७

नाथाजीस सलाम.

पत्र मिळालं. राहीवहिनी बऱ्या झाल्या हे चांगलं झालं. गाडी नीट हाय हे बी चांगलं. तू काळजी घेणारा माणूस, मला काय सांगायचं कारण न्हाई.

ईद झाली. शिरखुर्मा केला, पण गोड लागंना. येणारे-जाणारे विचारत्यात, "मिस्त्री, तुमी बी जाणार का तिकडं?" मी म्हणतो, वर्कशॉप हितं, गिऱ्हाइकं हितं, अर्धी गाडी पाचगणीला. मी जाऊ कुटं?

दिवाळी झाल्यावर येतो. ह्या हिवाळ्यात चालवू दे, नाथा. फुडच्या हिवाळ्याचं मी सांगत न्हाई.

तुझं अक्षर जरा मोठं काढत जा.

इमाम


पाचगणी
ता. २८ नोव्हेंबर १९४७

इमाम मिस्त्रीस.

राहीचं दुखणं परत निघालंय म्हणून तुला दिवाळीला येऊ नगं म्हणालो, तवापास्नं तू गप हायस. रागावलास तर रागाव. मला बी सांगायचं हाय.

हंबीरराव एका संस्थानच्या कारभाऱ्याला घेऊन आलं हुतं. त्यानं पांढरा रुमाल काढून गाडीवर फिरवला आन रुमालाकडं बघितलं. डाग न्हाई. खूश झाला. म्हणाला, एकदा चालू करून आवाज ऐकवा, मग बोलू. तवा चावी पाठव.

मी दोन पानं भरून इंजिनाचं लिवलं, तुझ्याकडनं त्यावर एक शब्द न्हाई. नुसतं नीट हाय, चांगलं हाय. आन अक्षर तरी काय तुझं! ओळी उतरणीला लागल्यागत खाली खाली गेल्यात, दोन ओळी तर एकमेकींवर बसल्यात. पिऊन लिवतोस का? हौस करायचं आपलं वय हाय का? चालवायचीच असंल तर सांगलीत लाऱ्या काय कमी हायत? ही एक गाडी तरी धड ऱ्हाऊ दे.

हँडल आताशा जड जातंय. म्हंजी एरंडेल आत चांगलं मुरलं असणार.

मला भांडायचं बी बळ न्हाई. चावी पाठव.

नाथाजी


सांगली
ता. २० मार्च १९४८

नाथाजीस इमामचा सलाम.

चार महिनं उत्तर दिलं न्हाई. जानेवारीअखेरपास्नं देशात काय काय झालं, काय काय जळलं ते तुला बी ठावं हाय, लिवावंसं वाटलं न्हाई. आमचं सांगली संस्थान बी विलीन झालं. सकाळी उठून बघितलं तर रस्ता तोच, धूळ तीच.

पाकिटात कापडात शिवलेली चावी हाय. गाडी विक. जी किंमत यील ती घे. निम्मी पाठवलीस तर बरं, न पाठवलीस तर मी इचारणार न्हाई. माझी हौस फिटली.

हे अक्षर जरिनाचं हाय. पिऊन लिवतोस का म्हणालास, म्हणून शुद्धीतल्या माणसाकडनं लिवून घेतलं.

इमाम

नाथाजीकाका, अब्बांनी सांगितलेला मजकूर इथे संपला. आता हे माझे. अब्बांना कळले तर रागावतील, पण मला राहवत नाही.

अब्बांना दिसत नाही. उजव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढेच कळते. मिरजेच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितले होते, की हा डोळा आता फार दिवसांचा नाही. अब्बांनी आम्हांला चष्म्याचा नंबर म्हणून सांगितले, आणि तुम्हांलाही तेच लिहिले. वर्कशॉपमध्ये हातांनी चाचपून कामे करत होते, म्हणून कुणाला कळले नाही. डिसेंबरात तुमचे पत्र आले. ते त्यांनी उलटे धरून वाचले, तेव्हा मला कळले.

मग मी तुमची सगळी पत्रे त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवली. जूनचे पत्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. एरंडेल आले तिथे त्यांनी मला थांबवले आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. म्हणाले, "एरंडेल पळत्या इंजिनाला अमृत असतंय. उभ्या इंजिनात ते लाखेसारखं जमतंय." चावी शिवायला मला सुई-दोरा मागितला, आणि शिवली मात्र स्वतः. टाके वाकडे आहेत, ते बघालच.

आपली, जरिना


पाचगणी
ता. २ एप्रिल १९४८

इमाम गड्या,

कापड उसवलं, चावी हातात घेतली आन तितंच परड्यात बसून ऱ्हायलो. राही दोनदा जेवायला बोलवायला आली. तुला पिऊन लिवतोस म्हणालो. माझी जीभ झडायला पायजे हुती.

जरिनाला रागावू नगंस. तिनं लिवलं नसतं तर मी मरेपर्यंत शहाणाच ऱ्हायलो असतो.

आता माझं ऐक. राही आजारी नव्हती. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. तू आला असतास तर गाडी भाईर काढावी लागली असती, आन गाडी पठारापर्यंत मला चालवत न्यावी लागली असती. मला आता चालवता येत न्हाई, इमाम. तू बंगल्यात मेजरसाहेबाशी भाव करत हुतास तवा मी गाडीत बसून स्टेअरिंग धरलं. हात असं थरथरायला लागलं की मांडीखाली दाबून बसलो. म्हणून ती ढकलत आणली. चढाला जीव घेतला म्हणून लिवलं, पण इंजिन चालू करू का म्हणून कुणी इचारू नये ह्याचीच मला धास्ती हुती.

लढाईत मी हाकलेल्या सात ट्रकांची राख झाली. शेवटच्यात शेजारी आपल्या कंपनीतला गुंडा बसला हुता. त्याचं काय उरलं ते तू बघितलंस, मी बघितलं न्हाई, मला धरून ठिवलं हुतं. मी चालवत हुतो. सुरुंग मला दिसला न्हाई. हे मी कुणाजवळ बोललो न्हाई, राहीजवळ बी न्हाई. तिला वाटतंय मला गाडीचा नाद हाय.

हंबीररावांचं बोलणं ऐकलं आन मला सुटल्यागत झालं. विकायची हाय म्हणून चालवायची न्हाई, असं सांगता यायला लागलं. खरं म्हंजी मला ती विकायची बी नव्हती, चावी मागितली ती बी तू येऊन चालवू नयेस म्हणून. माझ्या हातात आलेली एक तरी गाडी धड ऱ्हावी, एवढंच वाटत हुतं. आन तिलाच मी घरचं तेल पाजून मारलं. हँडल हलत न्हाई. जोतिबा लोंबकळून बघतोय, तरी तसूभर हलत न्हाई.

हंबीरराव बी आता येत न्हाईत. संस्थानं गेली तसं राजेलोकच आपल्या मोटारी विकायला काढायला लागलेत म्हणं. घेणार कोण?

काय करू ते सांग. काय सांगू नगंस वाटलं तर तसं तरी कळव.

नाथा


सांगली
ता. ११ एप्रिल १९४८
(अक्षर जरिनाचे)

नाथाजीस इमामचा सलाम.

पयलं म्हंजी हँडलला हात लावू नगंस. लोंबकळणाऱ्या जोतिबाला बी सांग, आत काय मोडलं तर त्याच्या दंडातलं हाड काढून बसवीन. चारी प्लग काढ आन भोकांतनं रॉकेल सोड. रोज सकाळी थोडं थोडं. खाली गळलं तर गळू दे. मी येईपर्यंत दुसरं काय करू नगंस. ह्या वेळी तरी माझं ऐक.

एरंडेलाचं पाप निम्मं माझं हाय. तू उलट टपालानं कळव म्हणून लिवलं हुतंस. वरच्या दोन ओळी कशाबशा लागल्या, फुडचं मला वाचताच आलं न्हाई. पोरीकडनं वाचून घ्यायची लाज वाटली, म्हणून कागद हातात धरून मान डोलावली आन अंदाजानं उत्तर लिवलं. वेळेत वाचलं असतं तर एका दिवसाचं काम हुतं.

सुरुंगाचं. ट्रक बघायला मला पाठवलं हुतं, तवा मी चाकाची खूण बघितली, खड्डा बघितला. सुरुंग मातीखाली दीड हात खोल हुता. कुणालाच दिसला नसता. मी तुला तवाच सांगणार हुतो. तू इचारशील म्हणून थांबलो, तू इचारलंच न्हाईस. आपण दोघं बी येडेच.

मे महिन्याच्या पयल्या आठवड्यात येतो. जरिना आणून सोडती. इंजिन उघडायला मला डोळं लागत न्हाईत. ब्लॅकआऊटमध्ये बिडीसुद्धा पेटवू देत नव्हते, तवा मी कशी उघडत हुतो? चालवायला मात्र डोळं लागत्यात. ते तुझ्याकडं हायत. हात माझ्याकडं हायत. बघू काय जमतंय ते.

कुपनं साठवलेली हायत. राहीवहिनींना सांग, पाहुणा भाकरी-पिठल्यावर भागवून घेतोय.

इमाम


सांगली
ता. ५ जून १९४८
(अक्षर जरिनाचे)

नाथास सलाम.

सुखरूप पोचलो. पाऊस लागलाय. अख्तरबीनं माझे कपडे धुतले, पण नखांतलं एरंडेल अजून निघंना. निघू नये असंच वाटतंय.

इंजिन उघडून परत बसवीपर्यंत वहिनींनी सोळा दिवस रोज सकाळी माझा हात धरून खोलीपर्यंत नेलं आन एकदा बी म्हशीचं नाव काढलं न्हाई. त्यांना माझा दुवा सांग.

मडगार्डच्या डेंटचं माझ्या मनातनं जात न्हाई. दीड वर्स तू तिला रुमालानं पुसलीस आन मी पठारावरच्या एका फेरीत मडगार्ड दगडावर घासलं. आवाज झाला तवाच मला कळलं की कातडी गेली. तू काय बोलला न्हाईस, ते जास्त लागलं. मला माफ कर. ठोकून सरळ करायला ये म्हणालास तर येतो.

आता एक मागतो. मला वाऱ्याचं कळलं, आवाजाचं कळलं. चौथा गिअर पडला तवा इंजिन कसं मोकळं झालं ते माझ्या पायात हाय. पण फुडं काय हुतं ते मला कळलं न्हाई. तू नुसतं डावं, उजवं, सरळ म्हणून वरडत हुतास. आपण चाललो हुतो तवा काय काय दिसत हुतं ते सवडीनं लिवून पाठव. जरिना वाचून दाखवंल. अक्षर बारीक काढलंस तरी आता चालंल.

इमाम


पाचगणी
ता. १३ ऑक्टोबर १९४८

इमाम गड्या, नाथाचा रामराम.

उत्तराला लय दिवस लावले. पावसात बटाटा कुजला, तो निस्तरत हुतो. आन खरं सांगायचं तर काय लिवावं ते मनात जुळवत हुतो.

काल दसरा झाला. परवा खंडेनवमीला तलवारीबरोबर गाडी बी पुजली. तलवारीला एरंडेल, गाडीला नुसतं हळदकुंकू आन झेंडू. राही म्हणाली, हिला तेल दाखवू बी नगा. विटा काढल्यात. आता ती चाकांवर उभी असती. सोमवारचं हँडल बंद केलं आन चावी लावायला लागलो. पयल्यांदा परड्यात फुडं-मागं. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. गेल्या आठवड्यात बाजाराला बटाट्याचं पोतं घेऊन गेलो, तुझ्या शिटावर ठिवून. हात थरथरत्यात, न्हाई असं न्हाई. पण थरथरत्या हातानं बी चालती ती, सावकास नेली की.

चार दिसांपूर्वी हंबीरराव आलं. पुण्याचा कुणी कारखानदार गिऱ्हाईक हाय म्हणाले. शिटावर मातीनं माखलेलं बटाट्याचं पोतं बघितलं आन कपाळाला हात लावला. मग फिरून डाव्या अंगाला गेले आन मडगार्ड बघितलं. वीतभर रंग गेलाय, पत्रा आत गेलाय. "अरारारा," म्हणाले, "निम्मी किंमत गेली की हो! हे कुणी केलं?"

मी म्हटलं, मालकानं.

ते बघतच ऱ्हायले. म्हटलं, हिचा मालक सांगलीला असतोय, इंजिन बी त्यानंच उघडलंय, आन पत्रा ठोकायचा न्हाई असं ठरलंय. चहा घेऊन गेले. परत यायचे न्हाईत.

आता तुझं मागणं. नीट ऐक.

जोतिबाच्या बैलांनी गाडी पठारावर चढवली तवा सकाळचं नऊ वाजलं असतील. मे महिना, गवत वाळून पिवळं झालेलं, मधनं काळाकुट्ट दगड, तव्यासारखा सपाट. माणूस न्हाई काय न्हाई, लांब एक घोडंवाला आपल्याकडं तोंड करून उभा हुता. जरिना आन राही बैलांपाशी, राहीनं पदर तोंडाला लावलेला. तू गिअर टाकलास आन सगळं मागं पळायला लागलं. पयल्या फेरीत मला काय दिसलं न्हाई, मी नुसता तुझ्या हातांकडं बघत हुतो आन रामराम म्हणत हुतो. दुसऱ्या फेरीत मान वर केली. डाव्या अंगाला पठार एकदम तुटतंय. खाली वाईचं खोरं, उन्हानं धुरकटलेलं, त्यात कृष्णा चमकत हुती, बारीक, करदोट्यासारखी. तीच नदी फुडं तुझ्या सांगलीच्या घाटाला येती. पलीकडं कमळगड, निळा. दोन घारी आपल्या खालनं उडत हुत्या, खालनं म्हणतोय मी, त्यांच्या पाठी दिसत हुत्या. तू त्यांच्या वर हुतास इमाम. आभाळात ढग न्हाई. गाडीचं हिरवं नाक फुडं, त्यावर चामड्याचा पट्टा थरथरतोय, आन त्याच्या फुडं नुसतं मोकळं. तू पत्रात लिवलं हुतंस अगदी तसं.

तिसऱ्या फेरीला तू चौथा गिअर टाकलास. मागच्या धुळीचा लोट वाऱ्यानं उजवीकडं गेला, ऊन तुझ्या तोंडावर आलं. तुझी टोपी उडून गेली, तुला कळलं बी न्हाई. दोन्ही डोळं उघडं हुतं, त्यांतनं पाणी वाहात हुतं, वाऱ्यानं का कशानं ते मला ठावं न्हाई. आन तू हसत हुतास. पाच वर्सं आपण एका कंपनीत हुतो, एका ताटात जेवलो, पण तुला असं हसताना मी कवा बघितलं न्हाई.

तू दगडाची माफी मागतोस. दगड चांगला कंबरेएवढा हुता, काळा, पन्नास पावलांवरनं दिसंल असा. उजवं म्हणून वरडायचं काम माझं हुतं. तो मला दिसला न्हाई, कारण मी रस्त्याकडं बघतच नव्हतो. मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो.

जरिना पोरी, हे शेवटचं त्याला दोनदा वाचून दाखव. आन चावी परत पाठवतोय, ती त्याच्या खिशात घाल. मी दुसरी करून घेतलीय. मे महिन्यात कुपनं आणायला इसरू नगा.

नाथा